‘हे कोणासाठी?’ या रकान्यात

– हो, तेच नाव. हेरिलाला राझाफिमाहेफा. बरोबर वाचलंत. आणि ज्याच्या नावाचं पार्सल त्यानं स्वतः यायचं, ओळखपत्र घेऊन, हेही मला आता पाठ झालंय – काल फोनवर तुमच्या त्या दुसऱ्या बाईंनी सांगितलं, आज दारातल्या माणसानं सांगितलं, आणि आता तुम्ही. फक्त काय आहे ना ताई, ते येऊ शकत नाहीत. आजारी? नाही, आजारी नाहीत. म्हणजे आता नाहीत. ते वारले. पाच वर्षं झाली. बघा, तुम्ही अशा बघणार हे मला अरिवुनिमामूहून निघतानाच माहीत होतं, गाडीत सगळा रस्ताभर मी तुमच्या ह्या चेहऱ्याची तयारी करत आले. मेलेल्या माणसाच्या नावानं पार्सल कोण पाठवतं? मी पाठवते. ते पाठवणाऱ्याच्या जागी ‘अकरा माग’ असं छापलंय ना, ते आमचं दुकान. ऑनलाइन दुकान. आत वावगं काही नाही, लांबामेना आहे, मेलेल्यांना गुंडाळायचं रेशीम – उद्यासाठी.

तुम्ही अंत्सिराबेच्याच ना? मग तुम्हाला काय सांगायचं. उद्या दुपारी दोनला बेताफूच्या वरच्या अंगाला त्यांच्या घराण्याचं थडगं उघडणार, ज्योतिषानं दोनचाच मुहूर्त दिलाय, तीनला चालत नाही. जुन्यांना बाहेर काढणार, नवं रेशीम गुंडाळणार, वाजंत्री लागणार, खांद्यावर घेऊन नाचणार, आणि मग सगळे डुकराचं चरबीदार मटण आणि भात खाऊन तीन दिवस पोट धरून बसणार. ह्यात ह्यांना गुंडाळायचं कापड तुमच्या त्या मागच्या फळीवर पडलंय. दोनला थडगं उघडून बंद झालं की मग हे कापड घेऊन मी काय करू, पडदे शिवू? कापड नाही मिळालं तर त्यांना बाजारातलं गुंडाळतील, ते नायलॉनचं, चकचकीत. हो, चालतं, पुष्कळ जणांना चालतं, मी नावं ठेवत नाही. पण नायलॉन टोचतं. त्यांना उन्हाळ्यातसुद्धा – असो.

त्यांचे भाऊ काल येऊन गेले ना? फिदी. नाव कसं माहीत म्हणजे, ऑर्डरवर असतं हो ते, फोन नंबराच्या खाली. तुम्ही त्यांना परत पाठवलंत, कारण ओळखपत्रावर त्यांचं नाव आणि पार्सलवर ह्यांचं. ह्यांचं म्हणजे ह्या पार्सलवाल्यांचं. तुमचं काही चुकलं नाही, नियम आहे. आज पुन्हा येतो म्हणालेत? किती वाजता? जेवणाच्या सुट्टीआधी. म्हणजे बाराच्या आत. आत्ता साडेअकरा झाले. नाही, मला काही नाही, मी आपलं विचारलं – ते यायच्या आत आटोपलं तर बरं, एवढंच.

आता चूक कोणाची म्हणाल तर माझी. मला ना, नीट चाललेलं काही बघवत नाही. दुकान तीन वर्षं फ्रेंचमध्ये मजेत चाललं होतं. राजधानीतल्या एका गृहस्थांनी उभं करून दिलं, त्यांनी फ्रेंच घातली, मी म्हटलं घाला – शाळेचा अर्ज फ्रेंचमध्ये, बँकेचा अर्ज फ्रेंचमध्ये, मग दुकान आणखी कशात असणार. पण आमच्याकडे विणणाऱ्या अकरा जणी. त्यात बाकुलीआजी सगळ्यांत मोठी, ब्याऐंशीची, दात नाहीत पण तोंड आहे. तिनं एकदा माझा फोन हातात घेतला, चष्मा चढवला, स्वतः विणलेलं कापड पाहिलं, खाली फ्रेंचमध्ये लिहिलेलं पाहिलं, आणि म्हणाली, ‘‘ललाउ, ह्या गोऱ्या बाईला सांग, माझं कापड मला परत दे.’’ झालं. तेव्हापासून मागावर बसल्या की सुरू – गोरी बाई आली, गोऱ्या बाईला पाट द्या, गोऱ्या बाईला आपलं करपल्या भाताचं पाणी चालेल का विचारा. महिनाभर ऐकलं. मग एका रविवारी चर्चहून आले, टोपी पण काढली नाही, आणि बसले. सेटिंगमध्ये गेले, भाषा, आपली मालागासी, दुकान उघडलं की हीच पहिली दाखवायची. एक बोट लावायचं काम. फोननं विचारलं, नक्की ना? – फ्रेंचमध्ये विचारलं. मी म्हटलं नक्की.

आणि मग कळलं की त्याच्याकडे आपले शब्दच अर्धेमुर्धे. जिथे शब्द नाही तिथे रिकामी जागा, तुम्हीच लिहा म्हणे. लिहिलं. तीन रविवार लिहीत होते. त्यात तो एक रकाना आला. फ्रेंचमध्ये तिथे होतं, घेणाऱ्याचं नाव. मी त्याच्याकडे बघत बसले. असं आपल्याकडे कोण विचारतं? कापड न्यायला माणूस दारात आला की आपण त्याला बसवतो, पाणी देतो, घरचे सगळे कसे आहेत ते विचारतो, आणि मग विचारतो – हे कोणासाठी? तर मी तसंच लिहिलं. हे कोणासाठी? मला काय माहीत लोक खरं उत्तर देतील.

हसू नका. हसा, हसा, मीही हसले होते. फ्रेंचमध्ये काय होतं, माणूस रकाना भरतो. आपल्या भाषेत विचारलं की तो बोलायलाच लागतो. जी ती ऑर्डर आली ती मेलेल्यांच्या नावाची. हे माझ्या वडलांच्या वडलांसाठी. हे आमच्या थोरल्या मावशीसाठी, ती फार थंडीची होती, जाड बघून द्या. एकानं पत्त्यात लिहिलं – चर्चच्या उत्तरेला, तिसरं थडगं, निळ्या दाराचं. एक होते अंबातुलांपीचे, भाषण करण्यात नाव असणार गावात, त्यांनी त्या रकान्यात आधी थोरांची क्षमा मागितली, मग धाकट्यांची क्षमा मागितली, मग म्हणाले की तुमच्यापुढे बोलणारा मी कोण – आणि रकान्यात साठ अक्षरंच मावतात, तिथे तुटलं. नाव आलंच नाही. आणि यंत्राचं काय, ते निमूट छापतं. ते पार्सल तसंच अंबातुलांपीला गेलं, आणि तिथल्या तुमच्या माणसानं भरल्या खोलीत दोनदा मोठ्यानं पुकारलं म्हणे, ‘थोरांची क्षमा मागून, धाकट्यांची क्षमा मागून’ कोण आहे? भाषण सुरू झालं समजून लोक उठून उभे राहिले.

आणि एका बाईनं तीन नावं लिहिली, पुढे लिहिलं – आणि सगळ्यांत धाकट्याला, त्याचं नाव ठेवायचं राहिलं होतं. तेव्हा मात्र आम्ही कोणी हसलो नाही.

परत फ्रेंच का नाही केली? केली ना. तुमच्याएवढी अक्कल मलाही आहे, जरा उशिरा येते, पण आहे. दोन दिवस केली. पण तोवर काय झालं होतं, सकाळी मागावर बसताना बाकुलीआजी विचारायची, ‘‘कोण आलं आज?’’ आणि मी फोनमधून वाचून दाखवायची. आज अमक्याचे आजोबा आले. आज ती थंडीची मावशी आली. मग त्या नावाभोवती गप्पा, ती मावशी कशी असेल, नाकात बोलत असेल, आणि गप्पांत कापड पुढे सरकायचं. फ्रेंच केली तर तिनं विचारलं, कोण आलं आज, आणि मी वाचलं – एक नग, मोठं माप, पॅरिस. अकराच्या अकरा जणी माना खाली घालून मागाकडे वळल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. आजी म्हणाली, गोऱ्या बाईचं कापड तूच विण. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा आपली भाषा लावली. पुन्हा त्यानं फ्रेंचमध्येच विचारलं, नक्की ना.

मग रकान्याचे दोन रकाने करायला शिकले – हे कोणासाठी, आणि खाली, पार्सल कोण सोडवणार. पण तोवर सतरा ऑर्डरी तशाच आलेल्या होत्या. मी एकेकाला फोन केला. माफ करा, तुमच्या आजोबांना पोस्टाच्या रांगेत उभं राहता येणार नाही, घरात हयात असलेल्या कोणाचं नाव सांगता का. लोक चांगले असतात हो, सांगितली नावं. सोळा पार्सलांवरची नावं बदलली. हे एक राहिलं. ह्यांचा फोन लागला नाही.

आता पाठवणारी मीच आहे ना, मग मीच लिहून देते की नाव बदला, फिदी राझाफिमाहेफा लिहा. माझं ओळखपत्र घ्या, पावती घ्या. नाही चालत? जिथून पाठवलं तिथेच अर्ज. तिथून तुमच्याकडे यायला चार दिवस. ताई, चार दिवसांनी काय करायचंय, उद्या दोनला – हो. हो, नियम तुम्ही नाही केला. मी कुठे म्हणते तुम्ही केला. मी स्वतः रकाने करते, मला कळतं, एकदा केला की तो कोणाचं ऐकत नाही, करणारीचंसुद्धा.

काय? वजन?

कुठे लिहिलंय? बरं, हो. जास्त आहे. एकाच्या कापडाचं एवढं नसतं, तुम्हाला बरं माहीत – पाठवता ना रोज, हाताला सवय झाली असणार. तापियाच्या झाडांच्या रानातलं रेशीम आहे, ते जरा जड असतंच. शिवाय ते उंच होते, आमच्या दारातून वाकून यायचे – म्हणजे उंच असणार, मापावरून. ऑर्डर एकाचीच होती. हो, एकाचीच. पट्ट्या जास्त जोडल्या गेल्या. रुंदीला. किती म्हणजे – दोघांना पुरेल एवढं आहे. नवरा-बायकोला एका कापडात गुंडाळतात ना, तेवढं. चुकून नाही झालं. रेशीम आहे ते ताई, भाताच्या पाण्यासारखं चुकून जास्त नाही होत.

एक घोट पाणी मिळेल? नको, राहू दे, माझ्याकडे आहे बाटली.

मघाशी मी म्हटलं फोन लागला नाही. लागला होता. तो नंबर मला शोधावाच लागत नाही, बोटांना पाठ आहे. एकदाच लावला, फिदीनं उचलला. हॅलो म्हणाला. मला नुसतं म्हणायचं होतं, मी दुकानातून बोलतेय, पार्सल सोडवायला कोण येईल. सोळा जणांना म्हटलं होतं, सतरावं काय अवघड. नाही निघालं तोंडातून. आणि त्यानंही ठेवला नाही, ताई. त्याच्याकडे कोंबडा ओरडत होता, तो ऐकत आम्ही दोघं उभे. शेवटी मीच ठेवला. आता तुम्ही म्हणाल, मग न बोलताच त्याचं नाव टाकायचं होतंस लेबलवर, ऑर्डरच्या खाली होतंच की. होतं. हातात होतं. कापड बांधून झाल्यावर यंत्रातून लेबल निघालं, त्याच्यावर हेरिलालाचं नाव, आणि मला वाटलं, चिकटवावं. पाच वर्षांत कशावर त्याचं नाव लिहायला मिळालं नव्हतं. घरपट्टीवरूनही गेलं. एवढ्यासाठी चिकटवलं, बघा किती शहाणी बाई. आणि आता इथे तुमच्यापुढे उभी आहे.

ते काय झालं, त्या दिवशीही आजीनं विचारलं, कोण आलं आज. मी फोन उघडला. हे कोणासाठी – हेरिलाला राझाफिमाहेफा, बेताफू, राजधानीतून घरी आणतोय. बास, एवढंच. मला कोणी कळवलेलं नव्हतं की त्याला आणताहेत. दुकान माझं आहे हे त्यांना माहीत असायचं कारण नाही, माझं नाव कुठे नाही दुकानावर. फ्रेंचमध्ये असतं तर फिदीचं नाव आलं असतं, मोठं माप, एक नग, आणि मी ते दुसऱ्या कोणाच्या तरी मागावर देऊन टाकलं असतं. आजी वाट बघत होती. मी म्हटलं, आज कोणी नाही आलं. आणि मग ते मीच विणलं. तीन महिने. सगळ्यांना सांगितलं की गिऱ्हाईक फार खडूस आहे.

त्या साथीच्या वर्षी गेला तो. राजधानीत. दवाखान्यातून म्हणाले, आजच्या आज इथेच मातीत द्यायचं, तिघांपेक्षा जास्त माणसं नकोत, सही करा. रस्ते बंद होते, तुम्हाला आठवत असेल. नेनीला, माझ्या सासूबाईंना, बेताफूहून यायला वाट नव्हती. मी म्हणू शकले असते थांबा. म्हणजे म्हणू शकले नसते, पण नेनीला वाटतं म्हणू शकले असते, आणि आता मलाही कधीकधी वाटतं. मी सही केली. कागद फ्रेंचमध्ये होता, भराभर भरला, नातं असा रकाना होता त्यात पत्नी लिहिलं, हात जरासुद्धा थांबला नाही. मग रस्ते उघडले तशी मी बेताफूला गेले. नेनी चुलीपुढे बसली होती. वर न बघता म्हणाली, ‘‘तू त्याला परक्यांत ठेवून आलीस.’’ मी दारातच उभी होते. कोणी आत ये म्हटलं नाही, कोणी जा म्हटलं नाही. थोड्या वेळानं मीच निघाले. तेच शेवटचं.

त्यामुळे उद्या मी नाहीये तिकडे. बोलावलेलं नाही, आणि न बोलावता जाण्याइतकं तोंड माझ्याकडे नाही, एरवी एवढं चालतं तरी. पण कापड जाऊ दे. ते कोणी विणलं हे त्यांना कळायची गरज नाही. दोघांपुरतं आहे तर त्यालाच दोनदा गुंडाळा, तो थंडीचा होता. ती मावशी नव्हे, हाच.

ताई, तुम्ही म्हणालात ना, ज्याचं पार्सल त्याचं ओळखपत्र. हे घ्या. खरंच घ्या. तोच आहे. केस जास्त आहेत ह्यात, नंतर कमी झाले. जमा करायचं असतं, माहीत आहे, माणूस गेला की परत द्यायचं असतं. मी दिलं नाही. मघाशीच का नाही काढलं? मघाशी काढलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, दुकानवालीकडे हे कुठून आलं. म्हटलं आधी बोलून बघू, बोलण्यानं काम झालं तर झालं. माझं बोलण्यानं कधीच काही झालेलं नाही, तरी दर वेळी वाटतं.

नाव जुळतं ना? नंबर लिहून घ्या. मुदत संपलीय त्याची, हो, मागच्या वर्षी. त्याची त्याच्याआधी संपली. तुम्ही बघून घ्याल? देव तुमचं – बरं, नाही बोलत. कुठे सही करू? इथे. आणि ओळखपत्र आणणाऱ्याचं नाव, ललाउ. आणि पुढे?

नातं.

हे रिकामं नाही ठेवता येणार? तुमचं यंत्र पुढे जात नाही. माझंही नाही जात, मीच लाल चांदणी लावून ठेवलीय अशा रकान्यांना, भरल्याशिवाय पुढे सोडत नाही लोकांना. आता कळतंय. नाही, पत्नी नका लिहू. पाच वर्षं कोणी म्हटलेलं नाही, आणि ती चिठ्ठी पार्सलबरोबर त्या घरी जाईल, नेनी वाचेल. वाचणार नाही, वाचून घेईल. परकी असं तर लिहिता येत नाही. विणणारी असं नातं आहे का तुमच्या यादीत? यादीत नाही. बघा ना, दुसरं काही आहे का, वर-खाली करून – 

मागे बघू नका. दारात. तपकिरी टोपी, खांद्यावर घोंगडी. आले, बाराच्या आत येतो म्हणाले होते ना. पाय जरा ओढतात, पूर्वी नव्हते ओढत. माझे दीर.

नाही. पत्नी नका लिहू. लिहिलंत? पुढे गेलं ते यंत्र?

बरं. ओळखपत्र द्या मला परत, ते पार्सलात नाही जायचं. आणि पार्सल त्यांच्या हातात द्या, त्यांना म्हणावं दुकानातून फोन आला होता. तुम्ही बोला त्यांच्याशी, मी ह्या भिंतीपाशी उभी राहते. हा तुमचा दरांचा तक्ता आहे ना, वाचते तोवर. फ्रेंचमध्ये आहे. बरं झालं. वेळ लागेल.